लसीविषयीचे ज्ञान आणि लसीवरील विश्वास

लोक लस नाकारतात ते अज्ञानामुळे; त्यांस माहिती दिली की ते ती स्वीकारतील, असे सामान्यतः मानले जाते. मानवी पॅपिलोमा विषाणूवरील लसीचा भारतातील अनुभव पाहता हे मत अपुरे आहे, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो. बहुतेक संसर्ग एकदोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. परंतु विषाणूच्या काही प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकला, तर त्यातून गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवू शकतो. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ व १८ या क्रमांकांचे प्रकार कारणीभूत असतात. हा संबंध उघड करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. २०२२ साली भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांस हा रोग जडला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

लस संसर्गापूर्वी द्यावयाची असल्याने ९ ते १४ हे वय त्यासाठी योग्य मानतात. म्हणजे निर्णय आईबापांनी घ्यावयाचा, तोही अशा रोगासंबंधी, की ज्याचे कारण घरात उच्चारणेही संकोचाचे वाटते. म्हणून पाहणी करणाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत : नाव ऐकलेले असणे, लस देण्याची तयारी दर्शविणे आणि प्रत्यक्ष लस देणे. पहिलीवरून तिसरीचे अनुमान काढता येत नाही. शिवाय, ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ हा शब्द न समजणारी स्त्री ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणताच आपल्या नात्यातील उदाहरण सांगू शकते. अशा वेळी अज्ञान तिचे नसते. दोष प्रश्नावलीच्या भाषेचा असतो.

आता दोन उदाहरणे घेऊ. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींस ही लस देण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. सात मुलींच्या मृत्यूंची वार्ता पसरल्यावर २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबविण्यात आला. या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसून आले नाही. तथापि संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर उणिवा आढळल्या. खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनेही २०१३ साली या उपक्रमावर कडक टीका केली. लस निर्दोष ठरली, पण संशय मात्र उरला; कारण त्याचे मूळ लसीच्या गुणधर्मांत नव्हते, तर पालकांस न विचारण्यात होते.

याउलट सिक्कीममध्ये २०१८ साली राज्य शासनाने शाळांमार्फत हीच मोहीम राबविली. शिक्षक, पालक व आरोग्यसेवक यांस आधी विश्वासात घेण्यात आले आणि सुमारे ९७ टक्के मुलींस लस मिळाली. अर्थात सिक्कीम हे लहान राज्य आहे, आणि मधल्या काळात जगभरचा अनुभवही वाढला होता. तेव्हा केवळ या तुलनेवरून सिद्धान्त मांडणे धाडसाचे होईल. तरी सिक्कीममधील पालक विषाणुशास्त्र अधिक जाणत होते, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्याशी कोण बोलले व कसे बोलले, हा फरक मात्र उघड आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असे मत दिले. पुरवठा व खर्च यांची अडचण त्यामुळे हलकी होऊ शकते. विश्वासाची अडचण यामुळे सुटत नाही. म्हणून पुढील अभ्यासकांनी ‘लोकांस काय ठाऊक आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘त्यांस कोणी विचारले, आणि नकार देण्याची मोकळीक त्यांस होती काय?’ हाही प्रश्न आपल्या पाहणीत समाविष्ट करावा. ज्यास नाही म्हणण्याची मोकळीक नव्हती, त्याच्या होकारास अभिवृत्ती म्हणता येत नाही.