जुन्या कॉम्प्युटरला नवे ग्राफिक्स कार्ड

ईदीचे पैसे साठवून मुलगा म्हणतो, "अब्बा, नवा गेमिंग कॉम्प्युटर हवा." पुष्कळदा जुन्याच मशीनचे ग्राफिक्स कार्ड बदलून काम भागते. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा अशा वस्तूंचा जुना बाजार. मात्र तिथे जाण्याआधी घरी कॅबिनेट उघडून पाहा.

आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा तपासा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५०ची बरीच मॉडेल्स तेवढ्यावर चालतात. मोठ्या कार्डाला डब्यातून वेगळी वायर लागते: सहा पिनची ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. डबा कमी ताकदीचा असेल, तर गेम रंगात आला की मशीन बंद पडते. कार्डासाठी किती लांबीची जागा आहे, तेही पट्टीने मोजा.

वापरलेले कार्ड स्वस्त मिळते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. म्हणून दुकानातच अर्धा तास गेम चालवून पाहा, पक्के बिल घ्या आणि वॉरंटी किती उरली ते विचारा.