वेगानुवर्ती आणि तापानुवर्ती : जुन्या जीपगाड्यांतील एंजिन-शीतनाचा एक परिभाषा-विचार

पारिभाषिक संज्ञा वस्तूला नाव देते, आणि त्या वस्तूकडे कोणत्या बाजूने पाहावे हेही सुचविते. सूचना चुकीची असल्यास विचार आडवाटेला लागतो. मोटारीतील ‘रेडिएटर’ हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. शब्दार्थाने तो उष्णतेचे विकिरण करणारा. प्रत्यक्षात एंजिनातून आलेल्या पाण्याची उष्णता मुख्यतः त्याच्या नळ्यांभोवती आणि पातळ पत्र्यांमधून वाहणारी हवा घेऊन जाते. विकिरणाचा वाटा अल्पच असतो. हवेचा प्रवाह मंदावला की रेडिएटर पुरा पडत नाही. म्हणूनच त्याच्यामागे पंखा बसवितात.

या पंख्याचे ‘यांत्रिक’ आणि ‘विद्युत’ असे दोन प्रकार सांगितले जातात. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांचे, म्हणजे चारही चाकांना एंजिनाची गती पोचविणाऱ्या गाड्यांचे, अनेक मालक मूळचा यांत्रिक पंखा काढून विद्युत पंखा बसवितात. हा बदल इष्ट की अनिष्ट, याची चर्चा बहुधा ‘जुने’ आणि ‘नवे’ या भूमिकेवरून होते. ही भूमिका कितपत टिकते, हे या पंख्यांची कार्यपद्धती पाहिल्यावर ठरविता येईल.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी ही अमेरिकन जीप घेऊ. तिच्याच कुळातील जीपगाड्यांची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली, त्यामुळे महाराष्ट्राला हे वाहन चांगलेच परिचित आहे. तिचा पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसविलेला असून एंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. एंजिन जितके वेगाने फिरेल तितक्याच प्रमाणात पंखाही फिरतो; पाणी किती तापले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या आज्ञाधारकपणाची किंमत पंख्याच्या गणितात दिसते. हवेचा प्रवाह पंख्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एंजिनाचे फेरे मिनिटाला १,१०० वरून २,२०० झाले, तर हवा दुप्पट आणि शक्तीचा खर्च आठपट होतो. विलीज जीप सर्वांत वरच्या गिअरमध्ये २,२०० फेऱ्यांवर ताशी सुमारे ६० किलोमीटर धावते. या वेगाला समोरून येणारा वाराच बहुधा पुरेसा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पंखा सर्वाधिक शक्ती वाया घालवितो.

तथापि एवढ्यावरून यांत्रिक पंखा सदोष ठरत नाही. चढावर याच जीपला लो-रेंज आणि पहिला गिअर घातला, म्हणजे एंजिनाच्या सुमारे २६ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. १,५०० फेऱ्यांवर गाडीचा वेग ताशी जेमतेम ८ किलोमीटर असतो. समोरचा वारा नाहीसाच झालेला असतो, परंतु एंजिन वेगाने फिरत असल्यामुळे पंखा आणि पंप दोन्ही आपले काम करीत राहतात. अवघड चढावर जाणते चालक आधीच खालचा गिअर घालतात, त्याचा एक लाभ हाही आहे. गिअरची रचना आणि पंख्याची रचना या वाहनांत परस्परपूरक आहेत. यांत्रिक पंखा खरोखर उणा पडतो तो घाट चढून तापलेले एंजिन रहदारीत उभे राहून मंद फिरू लागते तेव्हा.

विद्युत पंखा नेमकी हीच उणीव भरून काढतो. पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की तापमापी कळ त्याला सुरू करते आणि उतरले की थांबविते. ओढा ओलांडताना त्याला बंदही ठेवता येते. यांत्रिक पंखा पाण्यात फिरत राहिल्यास एंजिनावर पाणी उडवितो, आणि त्याची पाती वाकून रेडिएटर फाडण्याचा धोका असतो; खोल पाण्यात शिरण्यापूर्वी पट्टा उतरवून ठेवण्याची जुनी रीत यातूनच आली.

परंतु वीज आयती मिळत नाही. १२ व्होल्टचा, २० अँपियर घेणारा पंखा २४० वॅट वीज मागतो. जुन्या लँड रोव्हर गाड्यांवरील लुकास सी-४० या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपियरच होती, आणि मंद फिरणाऱ्या एंजिनावर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंख्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच सारा भार बॅटरीवर पडतो. अल्टरनेटर न बसविता केलेला बदल म्हणूनच अपुरा होय. विलीज एमबीची विद्युत व्यवस्था तर ६ व्होल्टचीच होती.

बिघाडाची रीतही निराळी आहे. विलीजच्या एकाच पट्ट्यावर पंखा, पंप आणि डायनॅमो चालतात; तो तुटला की विद्युत-प्रवाहमापकाचा काटा लगेच पडतो. विद्युत पंख्याचा फ्यूज जळाला, तर मात्र तापमापकाचा काटा चढेपर्यंत काहीच कळत नाही. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास सिलिंडर-हेड वाकण्यापर्यंत पाळी येते.

आता मूळच्या संज्ञांकडे वळू. नंतरच्या अनेक वाहनांत पट्ट्यावरच फिरणारा, पण सिलिकोन द्रवाच्या जोडणीने पकड घेणारा पंखा आला. रेडिएटरमागची हवा तापली की त्यातील द्विधातूची पट्टी पकड घट्ट करविते. तो यांत्रिक खरा, तरी तापाचीही आज्ञा पाळतो. उलट, चालकाने हाताने कळ दाबून चालवावयाचा पंखा विद्युत असूनही तापाशी असंबद्ध आणि माणसाच्या स्मरणावर अवलंबून असतो. ‘यांत्रिक’ व ‘विद्युत’ या संज्ञा शक्तीचे केवळ वाहन सांगतात. पंखा कोणाच्या आज्ञेत आहे, हे सांगण्यासाठी ‘वेगानुवर्ती’ आणि ‘तापानुवर्ती’ ही जोडी अधिक उपयुक्त ठरेल. सिलिकोन जोडणीचा पंखा मग उभयानुवर्ती म्हणता येईल.

संज्ञा बदलल्याने एंजिन थंड होत नाही, हे उघड आहे. परंतु पंखा बदलू पाहणाऱ्याने त्याचे युग न विचारता तो कोणाच्या आज्ञेत आहे, त्याला शक्ती कोठून मिळते आणि तो थांबल्यास ते कळणार कसे, एवढे तीन प्रश्न विचारले, तर अनेक जुन्या गाड्यांची एंजिने वाचतील.