जुनी जीप : मूळ रूपात ठेवायची की मॉडिफाय करायची?

दारव्ह्याला आमच्या अंगणात आजोबांची १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी उभी आहे. बाबा म्हणतात, "डिझेल इंजिन टाकून दे, वावरात कामी पडते." पण थांबा!

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. पहिलं शुल्क २०,००० रुपये. अट एकच मोठी : चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्या.

म्हणून पहिला प्रश्न : गाडी रोज लागते का? आमच्याकडे वावरासाठी ट्रॅक्टर आहे. आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर जुळवून पाहिले, दोन्ही जुळले. बाबाही मानले. जीप मूळ रूपातच राहणार!