रान, राई, वाट : संरक्षित डोंगरप्रदेशात जाणाऱ्यांसाठी काही शब्दविचार

‘राष्ट्रीय उद्यान’ ही संज्ञा मराठीत भाषांतराने आली. ‘उद्यान’ म्हटले, की आखलेल्या वाटा, कापलेली हिरवळ, बसावयास बाके आणि येणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली मांडणी डोळ्यांपुढे उभी राहते. ज्या प्रदेशात माणसाची मांडणी नसावी, असा कायद्याचा हेतू, त्यालाच आपण बागेचे नाव दिले आहे. डोंगरात जाणारा सुशिक्षित मनुष्य तेथे बागेत आल्याप्रमाणे वागतो, याचे सारे खापर एका शब्दावर फोडता येणार नाही, हे उघडच आहे. परंतु शब्दाने निर्माण केलेल्या अपेक्षेमागून वर्तन जाते, हेही तितकेच खरे. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील काही रूढ शब्द पाहुण्याला कसे वागावे ते कसे शिकवतात, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या दोन तालुक्यांत राष्ट्रीय उद्यान नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत महाराष्ट्रात चांदोली हे तेवढे एक राष्ट्रीय उद्यान आहे. कर्जतच्या पूर्वेस घाटमाथ्यावर आहे ते भीमाशंकर अभयारण्य. पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र १९८५ साली प्रामुख्याने शेकरूच्या रक्षणासाठी घोषित झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोहोंत भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे हक्क संपुष्टात आणले जातात आणि गुरांना प्रवेश नसतो. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. ‘अभयारण्य’ हा शब्द मात्र आपल्या परंपरेशी जुळलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आढळते आणि तेथील प्राण्यांना इजा करणाऱ्यास जबर दंड सांगितलेला आहे. अभय कोणाला, हे या शब्दात स्पष्ट आहे: ते वनात राहणाऱ्याला आहे, पाहण्यास येणाऱ्याला नव्हे.

पाहुणा म्हणतो ‘जंगल’. डोंगरातला मनुष्य म्हणतो ‘रान’. संस्कृतातील ‘जाङ्गल’ म्हणजे विरळ झाडीचा, कोरडा प्रदेश. दाट अरण्य हा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘रान’ मात्र ‘अरण्य’ या शब्दापासून ‘रण्ण’ या प्राकृत रूपाने सरळ चालत आले आहे. देशावर ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला, आणि कोकणच्या डोंगरात ‘रानात गेला’ म्हणजे लाकूडफाटा, मध, कंद किंवा भाजी आणावयास गेला. दोन्हींकडे रान ही कोणाच्या तरी पोटाची जागा आहे. पाहुण्याने गंमत म्हणून तोडलेली रानभाजी किंवा करवंदांची डहाळी ही ठाकर अथवा कातकरी कुटुंबाच्या टोपलीतली असते, हे ‘जंगल’ या शब्दातून सुचत नाही.

‘वाट’ हा शब्द तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. ‘वर्त्मन्’पासून ‘वट्ट’ व त्यापासून ‘वाट’ अशी तिची परंपरा. मराठीत रस्ता बांधतात. वाट मात्र ‘पडते’, ‘लागते’ आणि जाणे-येणे थांबले, की ‘मोडते’. पावलांनी वाट पडते, हे ज्याला भाषेतून ठाऊक आहे, त्याने वळण टाळून सरळ उतारावरून उतरण्यापूर्वी थांबावयास हवे. एकाच्या मागे दहा जण उतरतात. तेथील गवत जाते, मुरूम उघडा पडतो आणि पहिल्याच पावसात पाणी तीच वाट धरते. दोन-तीन पावसाळ्यांनी तेथे वाट राहत नाही, ओहोळ होतो. म्हणून जुन्या वाटेनेच व एकामागे एक चालावे. ‘नाळ’ या शब्दाचीही हीच गोष्ट आहे. कड्यातील अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली ती घळ मूळची पाण्याची. उन्हाळ्यात ती माणसाला उसनी मिळते. पावसाळ्यात ती परत करणे बरे.

कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. गणेश घाट लांबचा पण सोपा. शिडी घाट जवळचा, उभा आणि पावसात घातक. या दोन्ही वाटा जेथे पोहोचतात, त्या मधल्या झाडीच्या पायरीला ‘पदर’ म्हणतात. शेजारी पदरगड उभा आहे. वरच्या कड्यावरून धुपून आलेली माती या पायरीवर साचते, म्हणून तेथे झाडी दाट, पाणी जवळ. सहलीच्या मंडळींना मुक्कामाला हीच जागा पसंत पडते व शेकोटीही येथेच पेटते. वास्तविक या पायऱ्यांवरचा पालापाचोळा उन्हाळ्यात ठिणगीची वाट पाहत असतो, आणि अभयारण्याच्या हद्दीत आग लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर जाते. झाडीची सलगता तुटली, की त्याचा रस्ता तुटतो.

‘राई’ म्हणजे झाडांचा दाट समूह, आणि देवाच्या नावाने राखलेली ती देवराई. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या शब्दाला विद्वानांच्या जगात प्रतिष्ठा मिळाली. भीमाशंकर अभयारण्यातील आहुपे येथील देवराई प्रसिद्धच आहे. कडक नियमाच्या राईत वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यावयाची नाही. पडलेले लाकूड तेथेच कुजते व त्यावर बुरशी, किडे, पक्षी जगतात. पाहुण्यास हा नियम अंधश्रद्धा वाटतो, आणि तो एखादी बी, एखादी पिसाची काडी खिशात टाकतो. देवावर त्याचा विश्वास नसला तरी चालेल, नियमावर असावा.

पाण्याच्या बाबतीत मला स्वतःला धडा मिळाला तो कोथळीगडावर. विद्यार्थ्यांसह शब्दसंग्रहासाठी आम्ही पेठ या माचीवरील गावात गेलो होतो. वर सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना पाहून उतरताना टाक्याशी विद्यार्थी हातपाय धुऊ लागले. सरपण घेऊन निघालेली एक आजी थांबली व एवढेच म्हणाली, “टाक्यात हात नाय घालायचा, तांब्या घालायचा.” मी वहीत ‘टाके : खडकात कोरलेला पाण्याचा साठा’ एवढी व्याख्या लिहून मोकळा झालो होतो! वापराचा नियम हा अर्थाचाच भाग असतो, हे मी वर्गात शिकवीत आलो होतो. साबण, टूथपेस्ट व उष्टी भांडी टाक्यापासून दूर न्यावीत, हे वेगळे सांगावयास नको.

उतारांवर सर्वत्र दिसणारी कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच, सारी मिळून फुलते आणि मरते. बहराच्या वर्षी गर्दी लोटते. पण अधिक जपावयाचे ते पुढच्या पावसाळ्यात. कारण तेव्हा त्या उताराची संपूर्ण नवी पिढी बोटभर उंचीची, आपल्या बुटांखाली असते. कर्जतच्या कोंदिवड्याहून चढून जाता येणाऱ्या राजमाचीवर मेअखेरीस काजवे पाहण्यास जाणाऱ्यांनी विजेऱ्या विझवाव्यात. काजव्यांचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला संकेत आहे. विजेरीच्या झोतात तो वाचता येत नाही.

माथेरानची कथा निराळी. नावात ‘माथा’ व ‘रान’ दोन्ही आहेत. १८५०मध्ये मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने ते हेरले आणि पुढे तेथे जिकडेतिकडे ‘पॉइंट’ झाले. पॉइंट म्हणजे उभे राहून पाहण्याची जागा. तेथे कोणी राहते, पाणी कोठून येते, हे त्या शब्दाला विचारता येत नाही. २००३ साली माथेरान व परिसराचे २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. माणसांनी ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला. नेरळपर्यंत लोकलने यावे आणि वर शक्य तेवढे चालावे, यात फारसा त्याग नाही.

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाची वाट इर्शाळवाडीतून जात असे. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून ही ठाकरवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांचे पुनर्वसन खाली चौक परिसरात झाले, म्हणून हे नाव आता दोन जागांना लागते: एक लोकांची, दुसरी दरडीची. गडाकडे जाणाऱ्याने पावसाळ्यात तिकडे फिरकू नये व प्रशासनाची बंदी असेल तर ती पाळावी. इतर ऋतूंत त्या जागेवरून जाताना छायाचित्रे काढू नयेत, तेथे खाण्यास बसू नये. भाकरी खालच्या वस्तीत सांगावी व तिचे पैसे आधी द्यावेत.