वाय-फायच्या दांड्या फुल्ल, तरी नेट बंद? नेमकं कुठं अडकलंय ते असं शोधा

धाकट्या बहिणीचा इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस. लॅपटॉप उघडला तर वाय-फायच्या दांड्या फुल्ल, पण एकही वेबसाईट उघडेना. आणि त्याच वाय-फायवर आईच्या मोबाईलवर मालिका मस्त सुरू होती.

राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. नेटवाल्यांना फोन लावला, तर उत्तर आलं, "सर, आमच्याकडून लाईन ओके आहे." शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर फॉर्म भरला आणि जीव भांड्यात पडला.

नंतर कळलं की ते खरं बोलत होते. घोळ आमच्या घरातच होता आणि तो सापडायला फक्त एक आकडा बघायचा होता.

दांड्या नेमकं काय सांगतात?

दांड्या सांगतात की तुमचा लॅपटॉप आणि घरातला राउटर यांची रेंज चांगली आहे. बस्स. पुढे राउटरपर्यंत इंटरनेट येतंय का, हे त्यावरून कळत नाही. नळ ते टाकी पाईप ठणठणीत आहे, पण टाकीत पाणी आहे का, हा वेगळा प्रश्न झाला.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, नेट सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच?

सगळ्यांचं बंद असेल तर

फायबरच्या डब्याकडे बघा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच डब्यापर्यंत येत नाहीये. बारीक वायर कुठं मुडपली किंवा सैल झाली आहे का बघा, नाहीतर थेट तक्रार करा.

दिवा लाल नसेल तर डबा आणि राउटर दोन्ही ३० सेकंद बंद ठेवा. आधी डबा चालू करा, दिवे स्थिर झाले की मग राउटर. आणि हो, मागच्या छोट्या भोकातलं रिसेटचं बटण दाबू नका. त्यानं सगळी सेटिंग पुसली जाते, वाय-फायचा पासवर्डसुद्धा.

एकाच लॅपटॉपचं बंद असेल तर

आता तो आकडा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय, मग प्रॉपर्टीज उघडा. तिथं 'आयपीव्ही४ ॲड्रेस' दिसेल. हा म्हणजे घरातल्या नेटवर्कवर तुमच्या लॅपटॉपला मिळालेला खोली नंबर. तो राउटर वाटतो आणि या वाटपाला डीएचसीपी म्हणतात.

१. आकडा १६९.२५४ नं सुरू होतोय? म्हणजे राउटरनं नंबर दिलाच नाही, विंडोजनं स्वतःच एक लावून घेतला. ते वाय-फाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडा.

२. आकडा मोबाईलच्या आकड्याशी जुळत नाहीये? म्हणजे मोबाईलवर १९२.१६८.१ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.० अशी सुरुवात? मग घरात नंबर वाटणारे दोघं आहेत.

आमचा घोळ हाच होता. आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून मी जुना राउटर केबलनं नव्याला जोडला होता, पण त्याचं डीएचसीपी बंद करायचं राहिलं. ज्याला नव्यानं नंबर दिला त्याचं नेट चालायचं. ज्याला जुन्यानं दिला तो नेटसाठी जुन्याकडेच जायचा, आणि जुन्याकडे नेट कुठाय? जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद केलं आणि प्रश्न मिटला.

३. आकडा बरोबर आहे, तरी नेट नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पिंग', एक स्पेस आणि ८.८.८.८ टाईप करा. हा गुगलचा सर्व्हर आहे. उत्तर आलं म्हणजे नेट आहे, पण वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडकली आहे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका.

आणि एक दुर्लक्षित कारण

जुन्या कॉम्प्युटरची तारीख तपासा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते. मग वेबसाईटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटतं आणि सगळीकडे वॉर्निंग येते. तारीख दुरुस्त केली की साईट उघडते. नंतर बॅटरी बदलून घ्या.

थोडक्यात, पुढच्या वेळी फोन लावताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "सगळ्यांचं बंद आहे, एलओएस लाल आहे" असं सांगा, म्हणजे माणूस लवकर येईल. एकाचंच बंद असेल तर बहुतेक वेळा फोनची गरजच पडणार नाही. आणि फॉर्मची शेवटची तारीख असेल तर आधी हॉटस्पॉटवर काम उरका, दुरुस्ती नंतर.