पाना घेताना

करमाडला, भर जालना रस्त्यावर दुचाकी उघडायची वेळ आली की पहिली झटापट होते ती गंजलेल्या नटाशी. स्वस्त पाना मऊ पोलादाचा. जोर लावला की त्याचं तोंड फाकतं, नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय गत्यंतर नाही. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलंय का बघा. अर्थात, कोरणारे काहीही कोरतात! म्हणून दुकानातच नव्या नटावर बसवून हलवून पाहा. खडखडला तर परत ठेवा. गोटी, म्हणजे सॉकेट, सहा कोनीच घ्यावी. बारा कोनी पटकन बसते, पण जोर कोपऱ्यांजवळ येतो. सहा कोनी नटाच्या सपाट बाजूंना रेटते. चकचकीत स्वस्त पेटीपेक्षा नाशिकच्या टपारियाचे १०, १२, १४ मिलिमीटरचे सुटे पाने बरे. ॲडजस्टेबल पाना मात्र नळाच्या कामाला ठेवा.