पोलादी टोपीचा बूट आणि मधुमेही पाऊल

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वा जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वडीगोद्रीहून नव्याने कामाला लागणाऱ्यास सेफ्टी शूज घ्यावे लागतात. आयएस १५२९८ मानकाचे बूट बोटांवरील टोपीमुळे २०० ज्यूलचा आघात सोसतात. म्हणजे सुमारे एक मीटरवरून पडलेले २० किलोंचे वजन. परंतु चामडे वापराने सैलावते, पोलाद सैलावत नाही. ‘घालून घालून सैल होतील’ हा दुकानदाराचा दिलासा येथे व्यर्थ आहे.

कामगार पन्नाशीपुढचा आणि मधुमेही असेल तर ही बाब गंभीर ठरते. नसा बधिर झाल्या असल्यास बूट चावल्याचे त्याला जाणवतच नाही. मोजा रक्ताळल्यावर कळते, आणि अशी जखम लवकर भरत नाही. म्हणून बूट सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कामावरचेच जाड मोजे घालून पारखावेत. उभे राहिल्यावर, उतारावर चालतानाही बोटे टोपीला टेकू नयेत. वजनाने हलके बूट मिळाल्यास उत्तम. आठ तास ओझे पायांनाच वाहायचे असते.

रोज बूट चढवण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, उसवलेली शिवण पाहावी. आपल्याकडे विंचूही निघतो, म्हणून आधी बूट उलटा करून झटकावा. रात्री तळवे घरातील कोणीतरी उजेडात तपासावेत, कारण वयस्कर माणसाला वाकून ते दिसत नाहीत.